बोलती कविता आणि ऐकता वाचक

मराठी विभागात घडलेल्या वाचकाचे कवितेशी नाते बहुधा अर्थ लावण्याचे असते. वृत्त ओळखावे, प्रतिमा हेराव्यात, आशयसूत्र सांगावे, ही त्याची रीत. असा वाचक अरुण कोलटकरांच्या ‘चिरीमिरी’कडे (२००३) वळतो, तेव्हा ही साधने त्याच्या फारशी उपयोगी पडत नाहीत. येथे बळवंतबुवांचे किस्से चाललेले असतात. बोलण्याला फाटे फुटतात, मध्येच थट्टा डोकावते. या कविता, की ओळी तोडून छापलेल्या गप्पा, असा प्रश्न त्याला पडतो. ज्या संकेतव्यूहात तो वाढला, त्याचाच हा प्रश्न असतो.

उत्तराची वाट मोठ्याने वाचण्यातून जाते. वृत्तातील यती आधीच ठरलेली असते. येथील ओळीचा तोड बोलणाऱ्याचा श्वास, त्याचा संकोच किंवा डाव ठरवतो. नेमके काय हातचे राखले आहे, हे डोळ्यांआधी कानाला कळते. मग ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘कोण, कुणाशी, कोणत्या नात्याने बोलतो आहे?’ हा पुढे येतो.

या प्रश्नासह मागे वळले, की परंपराही निराळी दिसू लागते. एकनाथांच्या भारुडांत जोशी, वासुदेव बोलतात; तुकोबा विठ्ठलाशी भांडतात. तुकोबांचे अभंग कोलटकरांनी इंग्रजीत आणले, हेही येथे आठवावे. तेव्हा या कवितेने मोडलेले संकेत मराठी कवितेचे नव्हेत. एकांतात, मुक्याने वाचल्या जाणाऱ्या छापील कवितेचे ते आहेत.

अर्थात बोलीत लिहिले की कविता होते, असे नाही. ओळी सलग लिहूनही काहीच हरवत नसेल, तर ते गद्यच होय. ही पारख कानाला करावी लागते. तिचे तयार कोष्टक नाही.

अशा वाचनात अध्यापक-वाचकाला भाष्यकाराचे आसन काही काळ सोडावे लागते. ते अवघड जाते, कारण त्याची प्रतिष्ठा त्या आसनाशी जोडलेली असते. परंतु कोणाचे बोलणे कविता म्हणून ऐकण्याजोगे आहे, याचा निवाडाही अनेकदा तेथूनच होत आला आहे. या बोलण्याला ‘काव्यात्म नाही’ म्हणून बाजूला सारताना बोलणारी माणसेही बाजूला सारली जातात, एवढे त्याच्या ध्यानी आले, तरी त्याचे वाचन पूर्वीसारखे राहत नाही.