धावूनही वाढलेलं एलडीएल

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकची वर्दळ वाढण्याआधी रबाळ्यात माझं धावणं उरकलेलं असतं. तेल मोजून, गोड जवळजवळ नाहीच. तरी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १९६. आई म्हणाली, "अगं, तू खातेस तरी काय!" मग गप्प झाली. मामा पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेला होता.

शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. ताटातून येणारा वाटा लहान. रक्तातलं एलडीएल यकृताच्या पेशींवरचे ग्राही उचलून घेतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी ते शोधले, १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. हे ग्राही जन्मतःच अधू असले, तर नुसत्या धावण्याने भागत नाही. साधारण अडीचशेत एकाला असा आनुवंशिक दोष असतो आणि मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी. माझं निदान अजून पक्कं नाही, पण डॉक्टरांना शंका आहे.

"एवढ्यात गोळी कशाला?" शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं. मी एलडीएल कमी करणारं स्टॅटिन घेणार आहे. जपानच्या अकिरा एन्डो यांनी बुरशीत पहिलं स्टॅटिन शोधलं, त्या चिकाटीबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. धावणंही चालूच राहील. रक्तदाब, साखर, झोप, सगळ्यांना त्याचा आधार आहे.

रविवारी ऐरोलीहून दादा येतोय. त्याचं आणि पुतणीचं रक्त तपासायचं ठरलंय.