किनाऱ्यावरील मिकासा

सागरावर संचार करणे हा नौकेचा धर्म. तो सोडून जी नौका किनाऱ्यावर कायमची स्थिरावली, तिला पाहावयास लोकांनी दुरून का यावे, असा प्रश्न मला पडत असे. जपानमधील योकोसुका येथील मिकासा उद्यान पाहिले, आणि त्याचे उत्तर मला मिळाले.

तोक्यो उपसागराच्या काठी हे उद्यान आहे. वृक्षांची सावली, थुईथुई उडणारी कारंजी, आईबापांचे बोट धरून हिंडणारी मुले, आणि या सर्वांच्या शेजारी सुमारे १३२ मीटर लांबीची ती करड्या रंगाची युद्धनौका! समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. परंतु तिचा तळ भूमीत घट्ट बसविलेला असल्यामुळे एकही लाट तिला हेलावू शकत नाही.

मिकासा इंग्लंडमध्ये बांधली गेली. १९०५ च्या मे महिन्यात त्सुशिमाच्या समुद्रात जपान व रशिया यांच्या आरमारांची गाठ पडली, तेव्हा जपानचे नौसेनापती तोगो याच नौकेवर उभे होते. जपानला मोठा विजय मिळाला. त्या वार्तेने पारतंत्र्यातील हिंदुस्थानातही अनेकांची मने उचंबळून आली. परंतु त्याच दोन दिवसांत हजारो रशियन खलाशांना जलसमाधी मिळाली, हेही विसरून चालणार नाही.

पुढे १९२२ साली मोठ्या राष्ट्रांनी आरमारे कमी करण्याचा करार केला. त्यानुसार मिकासा मोडीत निघावयाची होती. पण ती पुन्हा कधीही युद्धास जाणार नाही, या अटीवर इतर राष्ट्रांनी तिला राखण्यास संमती दिली. १९२६ साली तिचे स्मारक झाले.

१९४५ साली जपानचा पराभव झाला आणि मिकासाचेही दिवस फिरले. तिच्या तोफा गेल्या, डोलकाठ्या गेल्या. जेथे खलाशांचे रक्त सांडले होते, तेथे नृत्यगृह उभे राहिले. तिची ही दैना पाहून १९५५ साली रुबिन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने जपानमधील एका वृत्तपत्रास कळकळीचे पत्र लिहिले. अमेरिकेचे नौसेनापती निमिट्झ यांनीही तिच्यासाठी लेखणी उचलली व पैसा दिला. दुसऱ्या महायुद्धात जपानशी झुंजलेले ते हेच निमिट्झ! तरुणपणी, १९०५ साली, त्यांनी तोगो यांची भेट घेतली होती. त्या थोर दर्यावर्द्याविषयीचा आदर महायुद्धाच्या आगीतही जळून गेला नाही. अखेर १९६१ साली मिकासा पुन्हा पूर्वीच्या दिमाखात उभी राहिली.

आज तिच्यावर दिसतात त्या तोफा केवळ प्रतिकृती आहेत. अशाच एका तोफेच्या सावलीत एक लहान मुलगी आपल्या धाकट्या भावाच्या बुटाची नाडी बांधीत बसली होती. तिच्याकडे पाहताना माझ्या मनात आले, लढाई जिंकावयास शौर्य लागते खरे. पण लढाई संपल्यावर शत्रूच्या ठेव्याचे रक्षण करावयास त्याहून मोठे मन लागते. मिकासा आज उभी आहे, ती अशा मोठ्या मनाच्या आधारावर.