घरातले विमान

एखादी वस्तू खेळणे आहे की साधन, हे त्या वस्तूवरून ठरत नाही. ती कोणाच्या हाती पडते आणि तो तिच्याकडून काय मागतो, यावरून ठरते. हा विचार माझ्या मनात गेल्या वर्षभरात पक्का झाला. त्याला कारण एक साडेतीन हजार रुपयांचा दांडा, एक जुना संगणक आणि माझ्या थोरल्या बंधूंचा एकोणीस वर्षांचा मुलगा.

आमच्या बीदर जिल्ह्यातील माणसाला विमानाचे नवल उरलेले नाही. बीदरच्या तळावर वायुदलाचे वैमानिक शिकतात. २००८ साली ‘हॉक’ जातीची जेट विमाने वायुदलात दाखल झाली, ती याच तळावर. आणि १९९६ साली ‘सूर्यकिरण’ पथक स्थापन झाले, तेही येथेच. पुढे २०१९ साली कलबुर्गीला व २०२० साली बीदरला नागरी विमाने उतरू लागली. भालकी तालुक्यातील आमच्या शिवारावरून विमान गेले, तर तूर कापणारी बाई मान वर न करताच विळा चालवीत राहते. माझा पुतण्या मात्र लहानपणापासून काम टाकून वर पाहत उभा राहणारा. आवाजावरून विमान कोणत्या अंगाने येणार हे तो सांगत असे, आणि ते सहसा खरे ठरे.

दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर दरड कोसळली आणि त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. जीव वाचला, पण दोन्ही पायांतील शक्ती गेली. त्यानंतर विमानाचा आवाज आला की तो खिडकीकडे पाठ करी. घरात कोणी त्याविषयी बोलत नसे.

संगणकावर विमान चालविण्याचे आभासी यंत्र बसवावे, हे मी सुचविले तेव्हा वहिनींचा चेहरा कठोर झाला. त्या म्हणाल्या, “भावोजी, जे आभाळ त्याला मिळायचे नाही, ते घरात आणून दाखवायचे कशाला? भुकेल्याला ताटाचे चित्र दाखवून काय मिळते?” त्यांचा प्रश्न आईचा होता आणि रास्त होता. मी उत्तर दिले नाही. पण त्या यंत्राचा मूळ इतिहास मात्र त्यांना सांगितला. तो येथेही सांगण्याजोगा आहे.

एडविन लिंक हा अमेरिकन तरुण. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते आणि हवेवर चालणाऱ्या झडपा त्याने बालपणापासून हाताळल्या होत्या. आपल्या पेटीला भाता असतो, त्याच घराण्यातील ही वस्तू. उड्डाण शिकण्याचा खर्च फार, म्हणून त्याने १९२९ साली त्याच भात्यांवर डुलणारे एक ठेंगणे लाकडी विमान बनविले. दांडा ओढला की भात्यात हवा भरे आणि नाक वर होई. विमानविद्येच्या लोकांनी त्याकडे लक्ष दिले नाही. जत्रेतील करमणुकीचे पाळणे ठेवणाऱ्यांनी ते विकत घेतले. पुढे १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहण्याचे काम आले. धुक्यात व वादळात, केवळ उपकरणांवर भिस्त ठेवून उडण्याचा सराव वैमानिकांना नव्हता. थोड्याच आठवड्यांत अनेक जण प्राणास मुकले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे खरेदी केली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिक अशाच यंत्रात बसून शिकले. जत्रेतले खेळणे जीव वाचविणारे साधन झाले. भाते तेच होते.

वहिनी एवढेच म्हणाल्या, “बघा, तुम्ही शिक्षक.” ती परवानगी मानून मी कामास लागलो.

‘फ्लाइटगिअर’ नावाचा कार्यक्रम जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून रचलेला असून तो मोफत मिळतो. खर्च काय तो दांड्याचा. त्याला जॉयस्टिक म्हणतात. विमानाच्या हालचाली तीन: नाक वर-खाली होणे, पंख डावी-उजवीकडे कलणे आणि नाक आडवे वळणे. पहिल्या दोन हालचाली हाताने होतात. तिसरीसाठी वैमानिक पायांनी पट्ट्या दाबून शेपटीचे सुकाणू फिरवितो. आमची अडचण नेमकी येथे होती. म्हणून मी असा दांडा शोधला, ज्याची मूठ स्वतःभोवती पिळता येते. मूठ उजवीकडे पिळली की सुकाणू उजवीकडे जाते. पायांचे काम मनगटाकडे आले. चाकांचे ब्रेकही एरवी पायांनीच दाबायचे. ते आम्ही तर्जनीखालच्या कळीवर आणले.

गावच्या सुताराने चाकाच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर बसेल अशी कडुनिंबाची फळी करून दिली. दांड्याची बैठक तिच्यावर घट्ट बसविली, कारण बैठक हलली तर हाताची हालचाल अर्धी वाया जाते. कोपर टेकलेले राहील इतकी उंची ठेवली. इंजिनाचा जोर कमी-अधिक करणारी लहान पट्टी दांड्याच्या बुडाशीच होती. ती डाव्या हाताला पोचेल अशी जागा साधली.

तार संगणकाला जोडल्याने काम संपत नाही. दांडा चहूकडे पूर्ण टोकापर्यंत फिरवून, मग मोकळा सोडून, त्याची टोके आणि त्याचा मध्य कोणता हे संगणकाला शिकवावे लागते. आमच्याकडे जोराची पट्टी पुढे सारली की इंजिन मंदावे आणि मागे ओढली की गर्जे. ती दिशा कार्यक्रमात उलटून घेतली. मूठ पिळताना हात नकळत थोडा कलतो आणि पंखही कलतात. त्यावर उपाय म्हणून मध्यभागी थोडी निष्क्रिय जागा ठेवली, म्हणजे बारीक थरथर मोजली जात नाही. आणि मध्याजवळची हालचाल सौम्य केली. हे सर्व जमायला चार संध्याकाळी गेल्या. त्यांतील दोन वीज गेल्यामुळे फुकट गेल्या, हा भाग वेगळा.

पाचव्या संध्याकाळी विमान धावपट्टीवर धावू लागले आणि डावीकडे ओढू लागले. मी दांड्याला दोष देणार, एवढ्यात पुतण्या म्हणाला, “काका, थांबा.” त्याने हात काढून घेतला आणि पडद्यावर दांड्याची स्थिती पाहिली. ती ठीक मध्यावर होती. मग त्याने इंजिनाचा जोर कमी केला. ओढ कमी झाली. जोर वाढविला, ओढ परतली. “दोष दांड्यात नाही, पंख्यात काहीतरी आहे,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. एकाच पंख्याच्या त्या लहान सेसना विमानात, पंख्याने मागे फेकलेली हवा सरळ न जाता विमानाच्या अंगाभोवती पिळा घेत जाते आणि शेपटीवर एका बाजूने आदळते. म्हणून पूर्ण जोरात नाक डावीकडे जाते. खऱ्या विमानात वैमानिक उजवा पाय दाबतो. याने मूठ किंचित उजवीकडे पिळली, आणि विमान सरळ धावून वर उठले. दरड कोसळल्यानंतर त्याने स्वतः होऊन एखाद्या गोष्टीचे कारण शोधल्याचे मी प्रथमच पाहिले.

आता तो हैदराबादच्या बेगमपेठ धावपट्टीवरून निघतो, सिंगूर जलाशयाचे पाणी ओलांडतो आणि बीदरला येतो. सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. लहान विमानास अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ. उंचीचा काटा समुद्रसपाटीपासून मोजतो आणि बीदरचे पठारच सुमारे २,२०० फूट उंच आहे. म्हणजे काटा २,५०० दाखवील तेव्हा जमीन अवघी तीनशे फूट खाली असते. उतरताना ताशी सुमारे १२० किलोमीटरचा वेग सांभाळावा लागतो. हे सगळे तो वहीत लिहून ठेवतो. ती वही मी पाहिली आहे. शाळेत असताना त्याचे अक्षर इतके नेटके नव्हते.

मी त्याला डग्लस बेडर या इंग्रज वैमानिकाची हकीकत सांगितली. १९३१ सालच्या अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले. कृत्रिम पायांवर तो पुन्हा उडाला आणि महायुद्धात लढला. पुतण्याने शांतपणे उत्तर दिले, “काका, त्याला मांड्यांची शक्ती होती. माझी गोष्ट वेगळी आहे.” ते ऐकून मला वाईट वाटले नाही. जो आपली खरी स्थिती मोजू शकतो, त्याला खोट्या आशेची भीती नसते.

त्याने स्वतःच पुढची वाट शोधली. शेतावर औषध फवारणारी ड्रोन विमाने आता कलबुर्गीच्या तूर-पट्ट्यातही आली आहेत. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती चालविण्याच्या प्रमाणपत्रासाठी अठरा वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण लागते. पहिल्या दोन अटी त्याच्या पुऱ्या आहेत. तिसरीसाठी पैसा जमवायचा आहे आणि खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला घेणारी संस्था शोधायची आहे. ते होईल की नाही, हे आज मी सांगू शकत नाही.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तरही मी अजून दिलेले नाही. परवा त्या भाकरीची परात बाजूला सारून पडद्यापाशी आल्या आणि विचारले, “यात आपली विहीर कुठे आली रे?” घरात त्या विहिरीचे नाव दोन वर्षांत कोणी घेतले नव्हते. पुतण्याने विमान वळविले, खाली आणले आणि बोट ठेवून जागा दाखविली. तेथे विहीर दिसत नव्हती, नुसते हिरवे-तांबडे रान होते. दोघेही बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

ज्या घरात कोणी खुर्चीला किंवा खाटेला खिळले आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे: वेळ घालविण्याची वस्तू त्याला देऊ नका, वेळ तर त्याच्याकडे मुबलक आहे. जी वस्तू थोडा विरोध करते, चुकते, कारण विचारायला लावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावावासा वाटेल इतकी अपुरी राहते, ती द्या. आणि ती त्याच्या हाताच्या उंचीवर आहे ना, हे आधी पाहा.