भाव मावळलेला चेहरा

एखाद्या वडीलधाऱ्या माणसाविषयी ‘अलीकडे यांचा स्वभावच बदलला’ असे घरात बोलले जाऊ लागले, तर वाचकहो, तो निवाडा थोडा लांबणीवर टाका. माझ्या यजमानांना कंपवात होऊन नऊ वर्षे झाली. हाताचा कंप सर्वांना दिसतो. चेहऱ्यावरचे भाव मावळतात, ते मात्र कोणी आजार मानीत नाही. नातवाच्या मुंजीत पाहुणे नमस्कार करीत होते आणि यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती. ‘व्याह्यांचे काही बिनसले आहे का?’ असे मुलीच्या सासूबाईंनी मला हळूच विचारले. रात्री हे संथ, एकसुरी आवाजात म्हणाले, “आजचा दिवस फार छान गेला.” आनंद आत होता, तो चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचला नव्हता.

मध्यमेंदूतील काळसर पेशींच्या एका लहानशा पट्ट्यात डोपामिन हे रसायन तयार होते. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचालींप्रमाणेच काही करावेसे वाटण्याची ऊर्मीही डोपामिनशी निगडित आहे. फिरायला नको, पेटी वाजवायला नको, या उदासीनतेला आळस म्हणणे म्हणूनच अन्यायाचे.

स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसरपिन हे औषध दिले. ते मिळते आपल्या सर्पगंधेतून. ससे निपचित पडले. मग शरीरात ज्याचे डोपामिन बनते, ते लेव्होडोपा टोचताच थोड्या वेळात ते पुन्हा हिंडू लागले. (सशांचा स्वभाव काही दोनदा बदलला नव्हता, असे मी पाहुण्यांना सांगते.) कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

तेच लेव्होडोपा आज गोळीतून मिळते. तिची वेळ कटाक्षाने पाळा. परस्पर बंद तर मुळीच करू नका. भरपूर प्रथिनांच्या जेवणासोबत घेतल्यास काहींना तिचा गुण कमी येतो. अंतर डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कंपवातावरील काही औषधांनी, विशेषतः डोपामिनची नक्कल करणाऱ्या औषधांनी, जन्मभर काटकसरीने राहिलेला माणूस लॉटरीच्या किंवा खरेदीच्या नादी लागू शकतो. ही गोष्ट संकोचापायी लपवली जाते. ती डॉक्टरांना सांगाच.

आणि प्रश्न विचारलात, तर उत्तराची वाट पाहा. मी मनात दहापर्यंत अंक मोजते. आमच्याकडे उत्तर बहुधा सातव्या अंकाला येते.