चित्रं पाहिलीस, आता पुस्तकं वाच

चि. भाचेबुवा,


कॉम्प्युटर-कलावंत आणि विज्ञानकथाकार हर्बर्ट फ्रांकेंवर कॉलेजच्या अंकासाठी लिहिलेलं तुझं टिपण मिळालं. जन्म १४ मे १९२७, व्हिएन्ना. मृत्यू १६ जुलै २०२२. लिंझला १९७९ साली सुरू झालेल्या आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवाच्या संस्थापकांपैकी एक. सगळं बिनचूक आहे. तरी वाचून मी जरा खट्टू झालो. चित्रांवर दीड पान खर्च केलंस आणि कादंबऱ्यांची बोळवण एका वाक्यात! माणूस अर्धाच उरला की रे.

चित्रांबद्दल तू लिहिलंस ते मला पटतं. एक मात्र वाढव. फ्रांकेंचं शिक्षण भौतिकशास्त्राचं, डॉक्टरेट इलेक्ट्रॉन-प्रकाशिकीतली. म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या काचेवर धावणारा हिरवट ठिपका त्यांच्या ओळखीचाच होता. पन्नासच्या दशकात त्यांच्या एका मित्राने, फ्रान्त्स राइमानने, एक छोटा अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर बनवून दिला. त्याच्या बटणांनी विजेच्या लहरी एकमेकींत मिसळायच्या आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक वळणदार रेघ नाचायची. ती एकटी रेघ म्हणजे काही चित्र नव्हे. फ्रांकेंनी खोलीत अंधार केला, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं आणि कॅमेराच पडद्यासमोरून हलवत नेला. फिल्मवर उमटली ती एकावर एक पसरलेल्या शेकडो रेघांची झिरझिरीत जाळी, पैठणीचा पदर वाऱ्यावर उलगडावा तशी. गणित यंत्राचं, पण कॅमेरा किती वेगाने न्यायचा हे हाताने ठरवलेलं. तुझ्या टिपणात ही चित्रं 'यंत्राने काढलेली' झाली आहेत. तेवढं दुरुस्त कर.

आता पुस्तकं. शास्त्रज्ञाने विज्ञानकथा लिहिणं आपल्याला नारळीकरांमुळे नवं नाही. फ्रांके भौतिकी शिकले तसे मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञानही शिकले, आणि माझ्या मते त्यांच्या कादंबऱ्यांत हे दुसरं शिक्षण जास्त दिसतं. 'द ऑर्किड केज' हे १९६१ च्या जर्मन कादंबरीचं इंग्रजी भाषांतर मला फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं होतं. पृथ्वीवरची काही माणसं दूरच्या ग्रहावर जातात, पण स्वतः नव्हे. तिथे तयार केलेल्या बदली शरीरांतून. मौज म्हणून, खेळ म्हणून. तिथे एक शहर आहे, यंत्रं सगळं चोख सांभाळताहेत आणि रहिवासी कुठे दिसत नाहीत. शोधत शोधत ते सापडतात तेव्हा ते माणसासारखे उरलेलेच नसतात. यंत्रांनी त्यांची इतकी काळजी घेतलेली असते की हलायचं, विचार करायचं, कशाचंच कारण राहिलेलं नाही. कुंडीतल्या फुलझाडांसारखे ते सुखात ठेवलेले आहेत. या यंत्रांच्या मनात वाईट काही नाही, आणि म्हणून ती जास्त भयंकर वाटतात.

'इप्सिलॉन मिनस' (१९७६) तर आजच लिहिल्यासारखी वाटावी. तिथल्या राज्यात प्रत्येक नागरिकाची माहिती कॉम्प्युटरात आहे आणि त्यावरून त्याची प्रतवारी लागते. बेन एर्मान हा त्या माहितीची छाननी करणारा कारकून. एक दिवस त्याच्या टेबलावर फाइल येते ती त्याचीच.

आणि तारखा बघ. फ्रांके हे लिहीत होते तेव्हा कॉम्प्युटरच्या बाजूनेही ते हिरिरीने बोलत होते. १९७१ मध्ये त्यांचं कॉम्प्युटर-कलेवरचं पुस्तक आलं. त्या विषयावरच्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. १९७३ मध्ये त्यांनी आइनस्टाइनच्या छायाचित्रावर रुग्णांच्या तपासणीतल्या प्रतिमांसाठी बनवलेली यंत्रणा वापरली आणि तो चेहरा ओळखू येईनासा होईपर्यंत रंगांत विरघळवला. म्युनिक विद्यापीठात शिकवणं त्यांनी त्याच वर्षी सुरू केलं. सकाळी यंत्राची वकिली, संध्याकाळी त्याच्याविरुद्ध साक्ष! काही लोकांना हा दुटप्पीपणा वाटेल. मला वाटत नाही. जो यंत्र आतून जाणतो त्यालाच ते कुठे गळा धरेल हे कळतं. बाहेरचे नुसते घाबरतात किंवा नुसते भुलतात.

१९७९ मध्ये त्यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी 'मोंड्रियान' नावाचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर रंगीत चौकोन आणि रेघा मांडल्या जायच्या, आणि समोर बसणाऱ्याला त्यात ढवळाढवळ करता यायची. 'ऑर्किड केज' वाचल्यावर मला हा प्रोग्राम त्या कादंबरीचं उत्तर वाटतो. यंत्र चालू दे, पण माणसाचा हात त्यात राहू दे. फ्रांकेंनी असं कुठे म्हटलंय असा माझा दावा नाही, हे माझं वाचन आहे.

गुहांचा उल्लेख तू गाळलास, जागेअभावी असेल. ऑस्ट्रियातल्या गुहांत ते आयुष्यभर उतरत राहिले. गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभांचं वय किरणोत्सारी कार्बनवरून काढता येईल ही सूचना त्यांनी १९५१ मध्ये केली होती, तीही विशीत असताना. हे वाचल्यावर मला ती अंधाऱ्या खोलीतली चित्रं जरा जास्त कळली.

२०२२ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, हे आजोबा ट्विटरवर आले आणि कोडमधून चित्रं काढणारी तुझ्या वयाची पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. काही महिन्यांत ते गेले. एनएफटीच्या, म्हणजे डिजिटल चित्रांच्या खरेदी-विक्रीच्या, बाजाराबद्दल तू भरभरून लिहिलंयस. मला त्या गलबल्याचं काही विशेष वाटत नाही, तो परिच्छेद सरळ काप. तेवढ्या जागेत 'ऑर्किड केज' बसेल. माझी प्रत पोस्टाने पाठवतोय, बांधणी सुटलीय, जपून उलट. टिपण छापायला देण्याआधी ती वाच, आणि अंक निघाला की एक प्रत मामीच्या नावाने पाठव, नाहीतर ती मला ऐकवेल.

तुझा,
मामा