टिकली कुणाच्या फीला गेली?

परवा पुतणीच्या लग्नात पंगती उठल्यावर आम्ही चुलत-सख्खी आठ भावंडं कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर बसलो, आणि बोलणं नेहमीच्याच जागी येऊन अडलं. मधला म्हणाला, टिकली त्याच्या बारावीच्या फॉर्मला विकली. धाकट्याला ते कबूल नाही. बारावीला भुंडी गेली, टिकली गेली ती त्याच्या आयटीआयला. मी म्हणालो, टिकली माझ्या डी.एड.ला गेली, बाजारात तिला धरून मी स्वतः उभा होतो. थोरली आक्का अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. ती काही बोलली नाही.

आमची वस्ती सांगोला तालुक्यात, महूदच्या अलीकडं रस्ता सोडून आत माळाला. कोरडवाहू जमीन, एक विहीर, एका चुलीवर जेवणारी सोळा माणसं. गोठ्यातली खिलार बैलजोडी तात्यांची. शेरडं मात्र आज्जीची. दहा-बारा शेरडं आणि चार-सहा मेंढरं, त्यावर गिनती कधी गेली नाही. बैल विकताना तात्या कुणाला विचारत नसत, पण शेळीचं दावं सोडायचं तर त्यांनाही आधी आज्जीच्या तोंडाकडं बघावं लागे.

शेरडं उस्मानाबादी, काळीभोर, लोंबत्या कानांची. उस्मानाबादचं आता धाराशिव झालं, शेरडाचं नाव मात्र तेच राहिलं. ही जात बहुतेक जुळी देते, म्हणून गरिबाच्या दारात टिकली. पाच महिन्यांनी व्यायची, आणि हटकून रात्रीच. कंदील धरायचं काम आम्हा पोरांचं. करडू खाली पडलं की आज्जी नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायची, नाकात फुंकर घालायची, पोत्यानं अंग पुसायची. टिकली पहिल्यांदा व्याली तेव्हा दुसऱ्या करडाला जवळच घेईना. लाथा झाडायची, तोंड फिरवायची. आज्जीनं मूठभर मीठ घेतलं आणि त्या करडाच्या ओल्या पाठीवर चोळलं. टिकलीनं आधी नुसतं हुंगलं. मग जीभ लावली. मग मिठासाठी चाटता चाटता तिला ते करडू आपलंच वाटायला लागलं असावं, कारण उजाडायच्या आत ते कासेला लागलं होतं. सकाळी आम्हाला चिकाचा खरवस मिळाला. वाटी एकच, तोंडं सात.

घड्याळ घरात होतं, पण त्याला किल्ली द्यायची आठवण कुणाला नसे. दिवस शेरडांवर चाले. डालग्याखाली कोंडलेली करडं ओरडायला लागली की पहाट. आज्जी एकेकीच्या चार धारा काढून घ्यायची आणि मग डालगं उचलायची; ढुशा देत करडं कासेला भिडायची. त्या दुधाचा चहा. वास येतो म्हणणाऱ्या पाहुण्याला पुढच्या खेपेला कोरा चहा मिळे. दहाच्या सुमाराला शेरडं माळावर सुटायची, दिवस बुडताना परत. मधल्या काळात लेंड्या झाडणं, शेवरीचा पाला आणणं, आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडणं. शाळेत आमच्या अंगाला शेरडाचा वास येतो म्हणून पुढच्या बाकावरची पोरं नाक धरायची. आम्हाला तो वास येतच नव्हता, मग लाज कशाची वाटायची?

एकदा ज्वारी काढल्यानंतर रानात जे कोंब फुटतात त्यात शेरडं घुसली. हे कोवळे पोंगे दिसायला हिरवेगार आणि पोटात जाताच विष. किराळ म्हणतात त्याला. तास-दीड तासात दोन शेळ्या फुगल्या, माना टाकल्या, तोंडाला फेस. तात्या डॉक्टर आणायला सायकलवर गेले. आज्जी गूळ कालवलेलं ताक नळकांड्यानं पाजत बसली. डॉक्टरांचं इंजेक्शन पोचेपर्यंत एक गेली. राखायला त्या दिवशी मी होतो आणि बाभळीखाली गोट्या खेळत होतो. मला कुणी मारलं नाही, आणि तेच फार लागलं. रात्री आक्कानं मात्र माझ्या ताटात भाकरी वाढताना हात आखडला होता, हे मला अजून आठवतं.

सुगी झाली की धनगरांची मेंढरं यायची. घोड्यावर बिऱ्हाड, मागं कुत्री, आणि रात्री रानात वाघर लावून मेंढरं बसवायची. एका रात्रीच्या लेंडीमुताला मोजून ज्वारी द्यायची. पुढच्या साली ते वावर लांबून ओळखू यायचं. त्यांच्यासोबत आमचीही चार-सहा मेंढरं कातरून निघत. दख्खनी मेंढीची लोकर राठ, पण सनगराच्या मागावर तिचंच घोंगडं होई. चिंचोक्याची खळ दिलेलं नवं घोंगडं फळीसारखं ताठ असे. पहिला पावसाळा ते अंगाला टोचे, दुसऱ्या पावसाळ्यात कुणाच्या वाटणीला यावं यावर भांडणं होत. आता लोकर फुकट दिली तरी कुणी नेत नाही, कातरलेली बांधावर पडून राहते. माडग्याळी मेंढरांना भाव आलाय. उंच, मांसाला भरणारी, अंगावर लोकर जवळजवळ नाहीच.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 सालची. माडगूळ आमच्या तालुक्याला लागूनच, आटपाडीत. हायस्कुलात ती वाचली तेव्हा यात गोष्ट काय आहे तेच मला कळेना. सगळं तर दारातलं होतं!

आणि सांगोल्याचा रविवारचा बाजार. बैलांच्या सौद्यात रुमालाखाली बोटं धरून किंमत ठरते, शेरडाला तेवढा मान नाही. व्यापारी दात बघतो, मणक्यावर अंगठा दाबतो, मांडी चाचपतो आणि तोंडावर सांगतो. टिकली गाभण होती. आज्जीनं बजावलं होतं, खाटकाला द्यायची नाही, पाळणाऱ्यालाच द्यायची. घेणाऱ्यानं ‘पाळायलाच’ असं शपथेवर सांगितलं. बाजारात सगळे तसंच सांगतात. साडेसातशे रुपये हातात आले. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. तात्यांनी तिच्या गळ्यातलं दावं सोडून माझ्या खांद्यावर टाकलं आणि आम्ही मागं न बघता निघालो. मागं ती ओरडत होती.

पुढचं लवकर सांगून टाकतो. माळाला डाळिंब आलं, तारेची कुंपणं आली आणि शेरडू बागेत शिरलं की भावकीत भांडण लागायला लागलं. 2012-13 च्या दुष्काळात गाईबैल छावणीत गेले, तिथं शेरडांना दावण नव्हती. राहिलेली पाच मिळेल त्या भावानं निघाली. आज्जी तेव्हा नव्हती, म्हणून बरं.

ओट्यावरचा वाद काही मिटेना. शेवटी मधल्यानं आक्कालाच साक्षीला धरलं. “आक्का, तू सांग. टिकली कुणाच्या फीला गेली?”

आक्कानं अडकित्ता मिटला. “तुमी तिघंबी त्याच टिकलीवर शिकला म्हना की. मला सातवीतनं का काढली, ते हाय का कुणाच्या ध्यानात? शेरडामागं जायाला मानूस न्हवतं म्हून.”

कुणी काही बोललं नाही. मग धाकटा म्हणाला, “तुला आंदण दिलती की टिकलीची पाट.”

“दिलती. लगीन दोनच महिन्यावर आलतं, तवर मीच राखली तिलाबी.” आक्का उठली, पदर झाडला, पिशवीत लाडवाचा पुडा कोंबला. “म्हसवडची येस्टी पावणेसहाला हाय. तिच्याच वंशाची करडं सकाळधरनं डालग्याखाली हायती माझ्या. चल रं, स्टँडपतोर सोड मला.”