भाकरीबद्दल माझं मत बदललं

कुत्रा म्हणजे माणसाळलेला लांडगा, आणि लांडग्याला मांसच हवं, असं मी कित्येक वर्षं ठामपणे मानत आलो. गावाकडं दारच्या कुत्र्यापुढं ताक-भाकरीचा काला दिसला की जीव कळवळायचा. ही भाकरी त्याच्या पोटासाठी नाही, आपल्याला परवडते म्हणून आहे, असं मी बोलूनही दाखवायचो.

२०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानं या मताला धक्का दिला. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन यांनी सहकाऱ्यांबरोबर कुत्र्यांची आणि लांडग्यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ अन्न पचवायला लागणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात २, कुत्र्यात मात्र ४ ते ३०. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर पिढ्यान् पिढ्या जगताना त्याचं पोटच पालटलं होतं.

उलट, मी ज्याला अस्सल अन्न समजत होतो त्या नुसत्या मांसात मोठी उणीव निघाली. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या १५ ते २० पट फॉस्फरस असतो. हा तोल सावरायला शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. वाढत्या पिल्लाची हाडं अशानं ठिसूळ होतात, पाय वाकतात. म्हणून लोक कॅल्शियमची बाटली आणतात, आणि तीही जपूनच द्यायला हवी. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा थोराड जातींच्या लहान पिल्लांना जादा कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही. पिल्लांचं तयार खाद्य चालू असताना वर बाटलीही दिली, तर हाडांची वाढ बिघडते. नुसत्या भाकरीवरही पिल्लू पोसत नाही, त्याला प्रथिनं भरपूर लागतात. आणि मटणाचा उरलेला रस्सा तर कुठल्याच कुत्र्याला नको. कांदा-लसणानं त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते प्रमाणानं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर एकच खाद्य दिलं; जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी. २००२ साली निष्कर्ष आले: कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरले. आपण ज्याला माया म्हणतो तो जादाचा घास कुत्र्याचं आयुष्य कमी करतो, हे स्वीकारणं मला फार जड गेलं. आता मी भांडं भरण्याआधी माझ्या कुत्रीच्या अंगावरून हात फिरवतो. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, नजरेत भरता कामा नयेत.

तिला दोन वेळा भाकरी किंवा भात, त्यात उकडलेलं चिकन नाहीतर अंडं, आणि पशुवैद्यांनी तिच्या वजनावरून ठरवून दिलेलं कॅल्शियम. पिल्लू आणलं तर मात्र घरचं अन्न लावणार नाही. त्या वयातला तोल स्वयंपाकघरात साधण्याची खात्री मला नाही. पिल्लांसाठीचं संपूर्ण खाद्यच देईन, दिवसातून तीन-चार वेळा, मोजून. आईला हे अजून पटलेलं नाही.